आपली नोंद आपल्या घरी

आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तके मांडली जातात. कुणाच्या घरातून निघालेले पुस्तक तेथे आपल्या हाती लागते. इंटरनेटवरील लिखाणाला मात्र असा फुटपाथ नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. अनेक ठिकाणचे लिखाण, फोटो एका ओघात दाखवणारे फ्रेंडफीड २००७ मध्ये निघाले, २००९ मध्ये फेसबुकने विकत घेतले आणि २०१५ मध्ये तेही मिटले. दुसऱ्याच्या वाड्यात मांडलेला संसार तो!

आज आपले फोटो एकीकडे, लेख दुसरीकडे, गणेशोत्सवाचे चित्रीकरण तिसरीकडे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची नोंद आपण नाही तर कोण ठेवणार?

युरोपच्या कायद्याने २५ मे २०१८ पासून नागरिकाला आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातून तो गळला. तो परत यावा, ही आमची मागणी आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारा.

तोवर हातावर हात ठेवून बसू नये. फेसबुक, गुगल आपल्या माहितीची प्रत उतरवून घेऊ देतात. दर दसऱ्याला ती घ्यावी, तारीखवार एकत्र लावावी. एकत्र करणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. काय दाखवायचे ते आपण ठरवू. किल्ली मात्र आपल्याच कमरेला हवी.