कर्ज दोघींवरही 2 लाख कोटी, मग एअरटेल दमदार आणि व्हीआय अडचणीत का?

अकोल्याहून मामेभावाचा मेसेज आला: "दादा, माह्यं व्हीआयचं कार्ड पोर्ट करून टाकू का? कंपनी बुडून राह्यली म्हनतेत." सोबत एक फॉरवर्ड, आणि त्यात एकच आकडा: 2 लाख कोटींचं कर्ज.

मी कोड लिहून पोट भरतो, सीए नाही. पण कंपन्यांचे तिमाही निकाल चाळायची सवय आहे, आणि फक्त कर्जाचा आकडा बघून घाबरणं मला पटत नाही.

मार्च 2023 अखेरचा हिशोब बघा. व्होडाफोन आयडियावर साधारण 2.09 लाख कोटींचं कर्ज होतं. आणि एअरटेलवर? तेही 2 लाख कोटींच्या वरच! (एअरटेलच्या आकड्यात आफ्रिकेतला धंदा आणि भाडेकरारांची देणीही आहेत, म्हणून तुलना तंतोतंत नाही. पण अंदाजाला पुरते.)

मोर्शीतल्या दोन संत्रा बागायतदारांवर 20-20 लाखांचं कर्ज आहे समजा. एकाचा आंबिया बहार झाडावर लगडलाय, दुसऱ्याचा गळून गेलाय. बँकेच्या वहीत मात्र दोघं सारखेच.

इथला बहार म्हणजे एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई. त्या आर्थिक वर्षात एअरटेलची ही कमाई 70 हजार कोटींच्या वर होती, व्हीआयची साधारण 17 हजार कोटी. कर्जाला कमाईने भागा: एकीचं उत्तर तीनच्या आसपास, दुसरीचं बारा. त्यात व्हीआयच्या हातात रोख उरली होती जेमतेम 230 कोटी.

मालमत्ता विकून भागेल का? टॉवर बहुतेक भाड्याचे. मोठी मालमत्ता म्हणजे स्पेक्ट्रम, पण तो 20 वर्षांपुरता वापरायचा हक्क आहे, दरवर्षी एक वर्ष कमी होतो.

रोख नसल्याचा फटका तुमच्या मोबाइलवर दिसतो. जिओ आणि एअरटेलचं 5जी ऑक्टोबर 2022 मध्ये आलं, व्हीआयचं मुंबईत मार्च 2025 मध्ये. जिओनं तर 2020 मध्येच फेसबुक, गुगल वगैरेंना हिस्सा विकून दीड लाख कोटींच्या वर रक्कम उभी केली होती.

मग व्हीआय उद्या बंद पडेल? तसं वाटत नाही, कारण कर्ज कुणाचं आहे तेही बघावं लागतं. एअरसेलनं फेब्रुवारी 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा कर्ज सुमारे साडेपंधरा हजार कोटी सांगितलं होतं. 2 लाख कोटींपुढे किरकोळच! पण पैसा कर्जदात्यांचा होता आणि महाराष्ट्रातली सेवा त्याआधीच गुंडाळायला लागली होती. व्हीआयची बहुतेक देणी सरकारची आहेत, स्पेक्ट्रम आणि एजीआरची. सरकारनं 2023 मध्ये 16,133 कोटी आणि 2025 मध्ये 36,950 कोटींच्या देण्यांचे शेअर करून घेतले. आता जवळपास 49 टक्के हिस्सा सरकारचा आहे. ज्याचं देणं, तोच सर्वात मोठा भागीदार.

भावाला कळवलं: घरात आणि कॉलेजात रेंज नीट असेल तर घाई करू नको. नसेल तर 1900 वर मेसेज टाक, आपल्याच सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत पोर्ट होतं. फक्त परीक्षेच्या फॉर्मचे ओटीपी यायचे असतील त्या आठवड्यात नको.