दगडीची ट्यूब स्वतःच्या मनाने सोडणं बंद करा


आमच्या अवसरीत गाईला दगडी झाली की आधी मेडिकल गाठायचं. दोन वेळा सडात ट्यूब सोडायची, गाठी गेल्या की बंद. मीही हेच केलं. दगडी परत परत उलटली आणि गाईचा एक सड कायमचा गेला.

दगडीमागं बऱ्याचदा स्टॅफ ऑरियस हा जंतू असतो. तो कासेत खोल दडून बसतो. अर्धवट डोसाने कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने हा धोका १९४५ लाच सांगितला होता. १९६१ ला इंग्लंडात मेथिसिलिनलाही दाद न देणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. हा जंतू गाईकडून माणसाकडंही येऊ शकतो.

"तपासणी कुठं परवडते?" म्हणणाऱ्यांना माझा सवाल, तीन सडांची गाय परवडते का?

औषधाआधी डॉक्टरांकडून दुधाचा नमुना तपासायला द्या, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची प्रयोगशाळा आहे. डोस पुरा करा. लेबलवरची मुदत संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका. धार झाली की सड आयोडिनमध्ये बुडवा. दगडीच्या गाईची धार शेवटी काढा.

डेअरीत घातलेलं दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं, एवढं ध्यानात ठेवा.