खड्ड्यांचा वार्षिक सण

फराळाच्या ताटावर खड्ड्यांचा विषय काढला म्हणून गृहिणींनी रागावू नये. घर कसे राखावे हे त्यांनाच तर ठाऊक! पावसाळ्याआधी कौले चाळायची, तर त्याचे पैसे त्या वर्षभर डब्यात बाजूला टाकतात. छप्पर गळू लागल्यावर उसने मागत नाहीत. आमच्या नगरपित्यांना एवढे का साधू नये? नवा रस्ता म्हटला की नारळ, हार, कोनशिला! देखभालीला मात्र अंदाजपत्रकात उरेल ती चिल्लर. मोटारींचा कर जातो राज्याच्या तिजोरीत, खड्डे येतात महापालिकेच्या वाट्याला. मग भाद्रपदात खडी-डांबर ओतायचे आणि पुढच्या आषाढात ते वाहून जायचे.

हे अटळ आहे म्हणता? पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली झाला, तो दहा वर्षांची हमी लिहून घेऊन. पुढे कित्येक दशके त्याला खड्डा ठाऊक नव्हता. पाऊस तर तोच होता ना?

मी मास्तर, हिशेब शिकवतो. रस्ता मंजूर करतानाच त्याच्या पंधरा वर्षांच्या देखभालीची रक्कम निराळ्या खात्यात ठेवा, आणि निवडणुकीच्या वर्षीदेखील त्या खात्याला कुणाचा हात लागू देऊ नका. उद्घाटनाला याल, तेव्हा आधी त्या खात्याचे पुस्तक दाखवा. नारळ मग फोडू.