व्हई जाई...

आमच्या खानदेशात 'व्हई जाई' हे दोन शब्द फार उपयोगाचे. कर्ज फिटत नाही, व्हई जाई. पोरीचे लग्न जमत नाही, व्हई जाई. माणूस या दोन शब्दांवर तग धरतो. पण दोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही, तेव्हाही घरातली वडीलधारी मंडळी हेच म्हणतात. 'त्याना बाप बी उशिराच बोलना व्हता.' तिथे मात्र मला या शब्दांची भीती वाटते.

कुणी म्हणेल, बाई, मुले काय साच्यातून काढायची असतात का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली 5 देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भारतातली मुलेही होती. आधाराशिवाय चालणे 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकते, असे त्यात दिसले. म्हणजे शेजारणीचा नातू दहाव्या महिन्यात चालला आणि आपला चौदाव्यात, यात काळजीचे काही नाही. पण दीड वर्ष उलटले तरी पाऊल पडत नाही, तर दाखवलेच पाहिजे. तसेच, चार महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांचे झाले तरी बसत नाही, दोन वर्षांचे झाले तरी 'आई ये' असे दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर बघत नाही. आणि येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले तर एक दिवसही थांबू नये. (दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय मात्र मूळ तारखेपासून मोजतात.)

उशीर हा स्वतः आजार नव्हे, ती खूण आहे. कारणे निरनिराळी असतात. कधी कानाने ऐकू येत नसते. बहिरे बाळही पहिले काही महिने आवाज काढते, म्हणून घरच्यांना कळत नाही. कधी जन्मापासून थायरॉईड कमी असते. पहिल्या आठवड्यांत एका रक्ततपासणीने ते कळले तर रोजच्या छोट्या गोळीवर भागते, नाहीतर बुद्धीची कायमची हानी होते. कधी जन्मताना बाळ गुदमरलेले असते. आणि बरेचदा सगळे पाहूनही कारण सापडत नाही, तरी व्यायाम, खेळ, बोलणे यांनी फरक पडतो.

आमचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. तांबे तापवून मऊ केले की हवा तो आकार घेते, कडक झाल्यावर ठोकले तर चिरते, हे इथे पोरालाही ठाऊक. पण तांबे पुन्हा तापवता येते. लहानपण पुन्हा येत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू जितका घडतो तितका पुढे घडत नाही.

आणखी एक गैरसमज शिकलेल्या घरांत आहे. 'घरात अहिराणी आणि बाहेर मराठी, म्हणून पोरगं गोंधळलं', असे म्हणून आजीला नातवाशी अहिराणी बोलायची बंदी करतात. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. उलट घरातले सर्वात जास्त बोलणारे माणूसच गप्प बसवले, तर ते मूल ऐकणार काय?

सोय अगदीच नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते, आणि विकासातला उशीर हा त्या तपासणीचा ठरलेला भाग आहे. पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. पण उपचार एका फेरीत होत नाही. आठवड्याला जायचे म्हणजे बसभाडे आणि आईची बुडालेली मजुरी. फुकट उपचार असा महाग पडतो. माझे मत विचाराल तर ही सेवा तालुक्याच्या दवाखान्यात ठरलेल्या वारी मिळाली पाहिजे, आणि आईला शिकवून बाकीचे दिवस घरी करवून घेतले पाहिजे.

आता आईबद्दल. मूल मागे आहे हे बहुतेक वेळा तिलाच आधी जाणवते. ती बोलली की सासरचे म्हणतात, तूच पोराला नाव ठेवतेस. आणि निदान झाले की दोषही तिच्याच पदरात. ग्रहणात भाजी चिरली असशील, म्हणे! मग ती पुन्हा तोंड उघडत नाही, आणि मूल पहिलीत येते ते 'ढ' हा शिक्का घ्यायलाच.

तेव्हा आजी-आजोबांनो, सून म्हणाली की 'पोरगं हाकेला बघत नाही', तर तिला समजूत घालू नका. अंगणवाडीताईंना विचारा, माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा, डॉक्टरांकडे सोबत जा. सगळे ठीक निघाले तर एक दिवस गेला एवढेच. ठीक नसले तर एक वर्ष वाचले.