उरलेले तिकीट कोणाचे?

१० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर न्यूझीलंडने भारताला १८ धावांनी हरवले आणि क्रिकेट विश्वचषकातले आपले आव्हान उपांत्य फेरीतच संपले. चार दिवसांनी लॉर्ड्सवर अंतिम सामना होता. भारत तिथपर्यंत जाणारच, या भरवशावर अनेक भारतीय चाहत्यांनी तिकिटे आधीच घेऊन ठेवली होती. न्यूझीलंडचा खेळाडू जिमी नीशम याने तेव्हा समाजमाध्यमावर भारतीय चाहत्यांना विनंती केली. तुम्हाला सामन्याला यायचे नसेल तर तिकिटे अधिकृत फेरविक्री केंद्रावर परत द्या. मोठ्या नफ्याचा मोह होईल, पण खऱ्या क्रिकेटप्रेमींना संधी द्या, असा तिचा आशय होता.

या विनंतीला अर्थ होता, कारण त्या स्पर्धेत मूळ किमतीला तिकीट परत देण्याची अधिकृत सोय होती. तिकीट उरले, ते परत गेले, रांगेतल्या पुढच्या माणसाला त्याच किमतीत मिळाले. हिशेब इतका सरळ आहे. आपल्याकडे मात्र तो अजून बसलेला नाही.

हे आम्ही अनुभवावरून लिहीत आहोत. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या मुलांसाठी एका हितचिंतकाने एका सामन्याची सहा तिकिटे घेऊन दिली होती. ऐनवेळी दोन मुले तापाने आडवी झाली. दोन तिकिटे उरली. आयोजकांच्या नियमात स्पष्ट लिहिले होते की तिकीट रद्द होणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत आणि ते दुसऱ्याला देताही येणार नाही. मदत क्रमांकावर कोणी फोन उचलला नाही. स्टेडियमबाहेर पोहोचलो तर दोन मिनिटांत एक इसम जवळ आला आणि चौपट भाव बोलला. त्या रकमेत अभ्यासिकेच्या वर्षभराच्या वह्या आल्या असत्या. खोटे कशाला बोला, आम्ही थबकलो.

शेवटी ती तिकिटे आम्ही कसाऱ्याहून लोकलने आलेल्या दोन पोरांना छापील किमतीत दिली. ती सकाळपासून गेटबाहेर उभी होती. पण नियमाप्रमाणे आम्हीही चूकच केली. चौपट भाव बोलणारा दलाल आणि छापील किमतीत तिकीट देणारे आम्ही, दोघे नियमाच्या नजरेत एकाच रांगेत. प्रामाणिक माणसाला वाट न ठेवणारा नियम दलालाच्याच फायद्याचा ठरतो. आमच्या मते या प्रश्नाची मेख इथे आहे.

इंग्लंडने काय केले?

इंग्लंडमध्ये फुटबॉलचे तिकीट परवानगीशिवाय विकणे हा १९९४ पासून गुन्हा आहे. त्यामागे नफेखोरीपेक्षा सुरक्षेचा विचार मोठा होता. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ चाहत्यांचे प्राण गेले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालात तिकिटांच्या दलालीवर बंदीची शिफारस होती. दोन संघांचे चाहते वेगवेगळ्या स्टँडमध्ये बसतात आणि दलालाला त्याचे सोयरसुतक नसते, हे त्यामागचे कारण.

पण नुसत्या बंदीने उरलेल्या तिकिटाचे काय करायचे, हे ठरत नाही. म्हणून मोठ्या क्लबांनी स्वतःच तिकीट बदलीची सोय उभी केली. सीझन तिकीट असलेला माणूस एखाद्या सामन्याला येणार नसेल तर तो आपली जागा क्लबकडे सोपवतो. ती विकली गेली की त्या सामन्यापुरते पैसे त्याच्या खात्यात जमा होतात आणि जागा क्लबच्या दुसऱ्या सभासदाला मिळते. काही क्लबांनी पुढची अटही घातली आहे. हंगामात ठरावीक सामन्यांना या, नाहीतर जागा परत करा. दोन्ही केले नाही तर सीझन तिकीट जाईल.

यात दोन गोष्टी साधतात. रिकाम्या खुर्च्या कमी होतात आणि तिकीट चाहत्यांच्याच वर्तुळात फिरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने मैफली, नाटके आणि इतर खेळांची तिकिटेही मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकण्यावर बंदी आणण्याचे जाहीर केले. फ्रान्समध्ये तर आयोजकाच्या परवानगीशिवाय तिकिटांच्या फेरविक्रीचा धंदा करणे २०१२ पासूनच गुन्हा आहे.

आयोजकच दलाल झाला तर?

याच्या अगदी उलटे चित्र २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकात दिसले. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको हे तीन यजमान देश. फिफाने स्वतःचे फेरविक्री केंद्र उघडले, पण अमेरिका आणि कॅनडात तिथल्या किमतीला वरची मर्यादा ठेवली नाही. विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडून १५ टक्के शुल्क लावले. म्हणजे १०० डॉलरचा व्यवहार झाला तर घेणारा ११५ देतो, विकणाऱ्याच्या हाती ८५ पडतात आणि मधले ३० फिफाकडे जातात. भाव जितका चढेल तितकी फिफाची कमाई वाढते. मग भाव खाली ठेवण्यात आयोजकाला रस कशाला राहील? मेक्सिकोत मात्र मूळ किमतीचेच बंधन राहिले. एकाच स्पर्धेत दोन नियम असू शकतात, याचा अर्थ हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. प्रश्न इच्छाशक्तीचा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये निष्ठावंत चाहत्यांसाठी राखीव तिकिटांचे दर बाहेर आले, तेव्हा अंतिम सामन्याचे त्यातले सर्वांत स्वस्त तिकीट ४,००० डॉलरच्या वर होते. युरोपातील चाहत्यांच्या संघटनांनी याला विश्वासघात म्हटले. ओरड झाल्यावर काही दिवसांतच फिफाने प्रत्येक सामन्यासाठी ६० डॉलरची काही तिकिटे जाहीर केली. ती प्रत्येक देशाच्या फुटबॉल संघटनेमार्फत निष्ठावंत चाहत्यांना द्यायची होती. पण त्या संघटनेच्या कोट्यातली फक्त १० टक्के तिकिटे या दराची. कोटा मुळातच स्टेडियमच्या ८ टक्के. म्हणजे एका देशाच्या वाट्याला दर हजार आसनांमागे साधारण आठ स्वस्त जागा.

बाजाराची बाजू मांडणारे विचारतात, ज्याला सामना जास्त हवा तो जास्त पैसे देईल, यात चूक काय? चूक अशी की जास्त हवे असणे आणि जास्त देता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्याला १५,००० कमावणाऱ्याने ३,००० चे तिकीट घेतले तर त्याने पगाराचा पाचवा भाग मोजला. ३ लाख कमावणाऱ्याने १०,००० दिले तर त्याने तिसाव्या भागापेक्षा जास्त काही दिले नाही. यात सामन्याची ओढ कोणाला जास्त? बाजार मात्र तिकीट दुसऱ्यालाच देईल.

आपल्याकडची अवस्था

तिकिटांच्या फेरविक्रीवर थेट बोट ठेवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात ईडन गार्डन्सवरील भारत-दक्षिण आफ्रिका सामन्याच्या तिकिटांचा काळाबाजार झाल्याच्या तक्रारींवरून कोलकाता पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि चौकशी केली. ऑनलाइन तिकीट विक्रीतील गैरप्रकारांबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. हा कायदेमंडळाचा आणि सरकारचा विषय आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. म्हणजे चेंडू विधिमंडळाच्या आणि संसदेच्या मैदानात आहे.

दरम्यान सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. १,००० रुपयांच्या तिकिटाला पूर्वी १,२८० लागत, आता १,४०० लागतात. सरकारला या तिकिटावर कर कसा लावायचा ते नेमके ठाऊक आहे. तेच तिकीट ब्लॅकमध्ये गेले तर काय करायचे, याबाबत मात्र शांतता आहे.

मुंबईची कथा तर तिकिटांच्या भांडणातूनच सुरू होते. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तिथल्या कसोटी सामन्यांच्या तिकिटांचा वाटा किती, यावरून क्लब आणि तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद पेटला. तो इतका विकोपाला गेला की असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम उभे केले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली.

नवे स्टेडियम आले म्हणून सामान्य प्रेक्षकाला जागा मिळाली का? २ एप्रिल २०११ चा विश्वचषक अंतिम सामना आठवा. वानखेडेच्या सुमारे ३३,००० आसनांपैकी खुल्या विक्रीला फक्त ४,००० च्या आसपास तिकिटे होती. बाकीचा मोठा वाटा संलग्न क्लब आणि आयसीसी यांच्याकडे गेला. ज्याला तिकीट ओळखीने मिळते, त्याला ते परत करण्याची घाई नसते. त्याने ते कोणाला दिले, किती रुपयांना दिले, याची कुठेही नोंद होत नाही. आपल्याकडे काळ्या बाजाराची चर्चा गेटबाहेरच्या फाटक्या दलालापाशी थांबते. त्याच्या हातात तिकिटांचा गठ्ठा आला कुठून, हा प्रश्न विचारला जात नाही.

निष्ठावंत कोण?

‘निष्ठावंत चाहत्याला प्राधान्य’ हे ऐकायला बरे वाटते, पण निष्ठा मोजायची कशी? इंग्लंडमधल्या काही क्लबांत आधी किती सामने पाहिले, यावर पुढचे तिकीट ठरते. ज्याला आधी मिळाले त्यालाच पुढे मिळते. ज्याच्या घरात कधी तिकीट आलेच नाही, तो पोरगा रांगेत शेवटी राहतो, मग तो रोज रात्री संघाच्या नावाने जागत का असेना. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट नवी नाही. संधीचे रूपांतर पात्रतेत होते आणि पात्रता पुन्हा संधी देते.

आपल्याकडे तर क्लब आणि जिमखाने यांना इतिहास आहे. मुंबईचे जुने सामने धर्मवार संघांत होत. पळवणकर बाळू यांच्यासारखा श्रेष्ठ गोलंदाज हिंदू संघाला मैदानावर हवा होता, पण त्याच काळात पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात दिला जाई. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना संघाचे कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. आज तसा कप कोणी देत नाही. पण क्लबच्या सभासदत्वावर जेव्हा तिकिटे वाटली जातात, तेव्हा ती सभासदत्वे पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या घरात होती, हे विचारणे भाग आहे. निष्ठेच्या नावाने जुनेच दार बंद राहणार असेल, तर ती निष्ठा आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या

पहिली, प्रत्येक मोठ्या सामन्यासाठी आयोजकाने अधिकृत परतीची सोय ठेवावी. तिकीट मूळ किमतीलाच परत जावे, शुल्क नाममात्र असावे आणि सामन्याच्या दिवशीही ती सुरू असावी. ही सोय न देता ‘तिकीट हस्तांतरणीय नाही’ असे छापण्यावर बंदी हवी.

दुसरी, क्लब, प्रायोजक आणि पाहुणे यांच्या कोट्यातली न वापरलेली तिकिटेही याच केंद्रावर यावीत. कोणाला किती तिकिटे गेली, हा तक्ता सामन्यानंतर जाहीर व्हावा.

तिसरी, परत आलेली तिकिटे दोन वाटांनी जावीत. अर्धी नियमित येणाऱ्यांना आणि अर्धी सोडतीने, ज्यांना मागच्या वर्षभरात एकही तिकीट मिळालेले नाही त्यांना. नियमित येणाऱ्याचा मान राहील आणि नव्याला दार उघडे राहील.

चौथी, मूळ किमतीवरही लक्ष हवे. फेरविक्री बंद केली आणि आयोजकानेच मागणीनुसार भाव चढवले, तर दलालाचा नफा फक्त खिसा बदलेल. २०२५ च्या महिला विश्वचषकात साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून होती. ठरवले तर जमते.

हे सारे आपोआप होणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल क्लबने ७७ पौंडांचे तिकीट आणायचे ठरवले, तेव्हा हजारो चाहते ७७ व्या मिनिटाला सामना सोडून उठून गेले. चार दिवसांत क्लबने माघार घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली. तिथे चाहत्यांच्या संघटना आहेत. आपल्याकडे जर्सी घालणारे कोट्यवधी आहेत, पण त्यांच्या वतीने बोलणारी संघटना नाही.

कसाऱ्याच्या त्या दोघांपैकी एकाने आत जाताना आम्हाला विचारले होते, “दादा, नक्की एवढेच पैसे ना?” छापील किमतीत तिकीट मिळाल्याचा त्याला आनंद कमी आणि संशय जास्त वाटला. ज्या व्यवस्थेत रास्त भावाचीच शंका येते, ती बदलायला हवी. त्याची सुरुवात उरलेल्या तिकिटापासून करता येईल.