दप्तराचे ओझे



बैलाला खांदेसूज आली की आपण त्याला जुवाला जुंपत नाही. पोराच्या खांद्यावरचे वळ मात्र सदऱ्याखाली झाकून राहतात.

परवा नातवाचे दप्तर धान्याच्या काट्यावर ठेवले. मुलगा २० किलोचा, दप्तर ४ किलोचे! केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे. म्हणजे २ किलो. उघडून पाहिले, तर निम्मी पुस्तके त्या दिवशीची नव्हतीच.

नवे दप्तर घेताना दोन रुंद, गादीचे पट्टे पाहा. पट्टे आवळा, दप्तर कमरेखाली लोंबू देऊ नका. जड पुस्तके पाठीलगत ठेवा. पोर वाकून चालत असेल, तर आज रात्रीच काटा काढा.