कुलगुरूंना नेमतं कोण, काढतं कोण?

रेवदंडा-चौलहून एसटीने अलिबागला कॉलेज गाठणाऱ्या तुमच्यापैकी किती जणांनी कलिना कॅम्पस पाहिलाय? फार थोड्यांनी. पण डिग्रीवर शिक्का मुंबई विद्यापीठाचाच. तिथे सर्वोच्च खुर्चीत कोण बसतं, याचा फटका थेट इथपर्यंत बसतो.

2017 आठवा. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका पुरेशा तयारीविना संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल रखडले. कुलपती, म्हणजे राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली. अखेर 24 ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवलं गेलं. 1857 पासूनच्या विद्यापीठात हे पहिल्यांदाच घडलं. पण तोवर अनेकांचे पुढचे प्रवेश हुकले होते.

मग हटवायला इतका उशीर का? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 चं कलम 11 बघा. कुलगुरूंना काढायचा अधिकार फक्त कुलपतींना आहे, तोही ठरावीक कारणांसाठीच. कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका असेल, तर आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे चुकीचं नाही. उद्या कुणा मंत्र्याची मर्जी गेली म्हणून कुलगुरूंना घरी बसवता आलं, तर विद्यापीठ कुणाच्या तालावर नाचेल?

म्हणूनच खरी काळजी घ्यायची ती नेमणुकीच्या वेळी. 2016 च्या मूळ कायद्यात तीन जणांची शोध समिती होती: एक कुलपतींचा, एक राज्य सरकारचा आणि एक विद्यापीठाच्या व्यवस्थापन व विद्या परिषदेने मिळून दिलेला. समिती निदान पाच नावं सुचवते, त्यातून कुलपती एक निवडतात. मुदत पाच वर्षं.

या समितीच्या निवडीवर ताबा कुणाचा, यावरूनच रस्सीखेच चालते. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं: दोन नावं सरकारने पाठवायची आणि त्यातलं एक कुलपतींनी निवडायचं. सरकार बदललं आणि 2022 मध्ये ते मागे घेतलं गेलं. जानेवारी 2025 मध्ये यूजीसीच्या मसुद्याने समितीत राज्य सरकारऐवजी यूजीसीचा प्रतिनिधी सुचवला. बिगर-भाजप राज्यांनी विरोध केला.

मुंबई असो वा दिल्ली, या भांडणात विद्यार्थी कुठेच नाहीत. तरी एक वाट आहे. पदवीनंतर 'नोंदणीकृत पदवीधर' म्हणून नाव नोंदवलंत, की सिनेटच्या 10 जागांसाठी तुम्हाला मत देता येतं. सिनेट आपल्यातले काही सदस्य व्यवस्थापन परिषदेवर पाठवतं, आणि समितीतलं एक नाव ठरवण्यात त्या परिषदेचा वाटा असतो. वाट लांबची आहे, पण कायद्यातली आहे. बहुतेक पदवीधर नावच नोंदवत नाहीत. मग ती मतं राजकीय पक्षांच्या संघटना गोळा करतात. डिग्री हातात आली, की आधी तो फॉर्म भरा.